एकसष्ट वेळा ‘नंतर’

“परत हलवलं मेल्यांनी. काल इथंच होतं.”

आबा हे कोणाला उद्देशून बोलले नव्हते. पण वसुंधरा टॉकीजची प्रोजेक्टरखोली इतकी अरुंद, की शेजारच्या स्टुलावर बसलेल्या कस्तुरीला आजोबांचं पुटपुटणं सोडाच, त्यांच्या गुडघ्यांची कुरकुरही ऐकू यायची. आबांचं बोट प्रोजेक्टरच्या छोट्या स्क्रीनवर फिरत होतं, उशाशी चष्मा चाचपावा तसं.

“काय शोधताय, आबा?”

“आवाजाचं बटण. ह्या अपडेटवाल्यांना दुसरा उद्योग नाही. रोज उठून बटणं इकडची तिकडं.”

कस्तुरी अकरा वर्षांची होती आणि हे कोडं तिला महिनाभर छळत होतं. बटणं आपोआप जागा बदलतात, म्हणजे नेमकं काय होतं? तिकीटखिडकीवर बसणाऱ्या आईला विचारलं, तर आई म्हणाली, “अपडेट गं.” दारावरचे महादूकाकाही म्हणाले, “अपडेट.” एवढं एकमत त्या गावात दुसऱ्या कशावरच नव्हतं.

नुसतं कोडं असतं तर बरं होतं. पण महिन्याभरात दोन खेळ मध्येच बंद पडले होते. एकदा आबांनी आवाज वाढवायला म्हणून बटण दाबलं आणि ऐन लग्नाच्या प्रसंगात पडदा काळा झाला. नवरा-नवरी राहिले बोहल्यावर, पब्लिक शिट्ट्या मारत बाहेर. मालकांनी शांतपणे सांगितलं होतं, की तिसऱ्यांदा असं झालं तर प्रोजेक्टर शहरातून दुरूनच चालवू आणि ह्या खोलीला कुलूप लावू. आबा सतरा वर्षांचे होते तेव्हापासून ह्या खोलीत होते. आता साल २०३९ होतं. खोलीतला पंखा मात्र तेव्हाचाच होता.

शनिवारी दुपारी, खेळाला तासभर असताना, दुरुस्तीचा यंत्रमानव आला. एसटीच्या पार्सलातून आला. हिरवागार, ढोबळ्या मिरचीसारखा फुगीर. कस्तुरीने त्याचं नाव ढब्बू ठेवलं. त्याने हरकत घेतली नाही.

“आधी मला सांग, अपडेट म्हणजे काय?” तिने विचारलं.

“प्रोजेक्टरला दिवा आहे, भिंगं आहेत,” ढब्बू म्हणाला. “पण दिवा कधी लावायचा, कुठलं बटण दाबलं की काय करायचं, हे त्याला कोणीतरी सांगायला हवं. त्या सूचना त्याच्या आतल्या स्मृतीत लिहिलेल्या असतात. वीज गेली तरी त्या पुसल्या जात नाहीत. त्यांना म्हणतात फर्मवेअर (यंत्राच्या अंगात मुरलेल्या सूचना). त्या सूचना सुधारून पुन्हा लिहिणं म्हणजे अपडेट.”

“आणि लिहिता लिहिता वीज गेली तर? अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या?”

“म्हणून दोन कप्पे ठेवतात. एका कप्प्यातल्या सूचनांवर यंत्र चालतं, तेव्हा दुसऱ्या...”

“थांब रे,” आबा म्हणाले. “हे मी सांगतो तिला.” ते खुर्चीत ताठ झाले. “पूर्वी सिनेमा रिळांवर यायचा. एक रीळ वीस मिनिटांत खलास. म्हणून यंत्रं दोन. एकावर खेळ चालू, तोवर दुसऱ्यावर पुढचं रीळ चढवायचं. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकायचा. पहिला ठिपका दिसला, दुसऱ्या यंत्राची मोटर चालू. दुसरा ठिपका दिसला, ह्या यंत्राचा झोत झाकायचा, त्याचा उघडायचा. खाली पब्लिकला पत्ता नाही.”

“अगदी तसंच,” ढब्बू म्हणाला. “नव्या सूचना दुसऱ्या कप्प्यात उतरवतात, अक्षर न् अक्षर तपासतात, मगच यंत्र तिकडे वळतं. काही बिघडलं तर पुन्हा पहिल्या कप्प्यावर.”

कस्तुरी आबांकडे बघत राहिली. पन्नास वर्षांपूर्वीचे ठिपके त्यांना कोपऱ्यासकट आठवत होते. आज सकाळी मात्र चहा झाला का, हे त्यांनी तीनदा विचारलं होतं. तिने तो विचार बाजूला सारला. घरात सगळे तसंच करायचे.

ढब्बूने स्क्रीन तपासली. “वापरसुलभता वाईट आहे. (म्हणजे यंत्र वापरताना माणूस पावलोपावली अडखळतो.) आवाजाचं बटण आणि खेळ बंद करायचं बटण शेजारीशेजारी, दोन्ही राखाडी. खेळ सुरू करायला सात पायऱ्या. अशा ठिकाणी चुकणाऱ्याला बोल लावत नाहीत. मांडणी बदलतात.”

“ऐकलंस, प्राजू?” आबा म्हणाले. चहा घेऊन आलेली आई दारातच थांबली होती. तिचे खांदे सैल झाले.

कस्तुरीने तेवढ्यात विचारलं, “शेवटचं अपडेट कधी झालं?”

ढब्बूला एकदा विचारलं, की असेल ते सगळं सांगून टाकायची सवय होती. “तीन वर्षांपूर्वी. नवं अपडेट दुसऱ्या कप्प्यात येऊन पडलंय. ‘आता करायचं की नंतर?’ असं यंत्राने एकसष्ट वेळा विचारलं. एकसष्ट वेळा ‘नंतर’ दाबलं गेलं.”

“म्हणजे बटणं...”

“तीन वर्षांत एकही बटण हललेलं नाही.”

पंखा खडखडत राहिला. “ह्याचं घड्याळ चुकत असेल,” आई म्हणाली, आणि कप उगीच इकडचा तिकडे ठेवला.

स्क्रीनखाली एक चिठ्ठी चिकटवलेली होती. कडा पिवळ्या पडलेल्या, अक्षर आबांचं: ‘आवाज: खालून दुसरं.’ कस्तुरीने खालून दुसरं बटण पाहिलं. ते आवाजाचंच होतं. तिने हळूच चिठ्ठीवर हात ठेवला. आई आपल्याला दर शनिवारी ‘शिकायला’ म्हणून इथे का पाठवते, हेही तिला त्याच क्षणी कळलं, आणि कळलं नसतं तर बरं, असं वाटलं.

“अपडेट करू?” ढब्बूने विचारलं.

आबांनी स्वतः ‘आता’ दाबलं. एक निळी रेघ सावकाश सरकत गेली. स्क्रीन मिटली, उघडली. आता तिच्यावर तीनच बटणं होती, पुरीएवढी: सुरू, थांब, आवाज. तीन वेगळे रंग. कुठेतरी, कोणीतरी, आबांसारख्यांना विचारून हे कधीच करून ठेवलं होतं.

“पुढच्या अपडेटसाठी सूचना आहे?” ढब्बू म्हणाला. “बनवणारे वाचतात.”

“आहे,” कस्तुरी म्हणाली. “वर एक ओळ हवी. आत्ता काय केलंत आणि पुढे काय करायचंय, ते सांगणारी. ‘दिवा लावलात. आता खेळ सुरू करा.’ कितीही वेळा बघितलं तरी न वैतागता सांगणारी.”

“लिहिलं. पुढचा रकाना: ही सोय कोणत्या वापरणाऱ्यासाठी? रकाना मोकळा राहिला तर सूचना पुढे जात नाही.”

कस्तुरीने आईकडे पाहिलं.

“नवशिक्यांसाठी, लिही,” आई म्हणाली.

“इथे नवशिकं कोण आहे?” ढब्बूने विचारलं.

“नंतर लिहू ते.”

आबांनी कस्तुरीचा हात अलगद उचलला. खालची चिठ्ठी वाचली. चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा वाचली.

“अक्षर माझंच आहे,” ते म्हणाले. “नंतर नको, प्राजू. ढब्बू, लिही तू. पुंडलिक ऑपरेटर, वय बहात्तर. आणि मालकांनाही हेच कळव. बटणं कधी हललीच नाहीत. मी विसरतो.”