हजेरीतला 'व'

हे खरं घडलंय. तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं, भास झाला असेल. मीही स्वतःची तशीच समजूत घालून पाहिली. पटली नाही.

मंगळवार होता. सकाळचा तिसरा तास. सातवीचा वर्ग, दुसरा मजला, बाहेर लख्ख ऊन.

मी निवृत्त भाषाशिक्षक. एक बाई रजेवर गेल्या म्हणून मला चार महिन्यांसाठी परत बोलावलं होतं. एकवीस मुलं समोर, आणि चार घरून, भिंतीवरच्या पडद्यावर. फळ्याच्या वर कॅमेरा; त्यातून घरची मुलं आम्हाला बघायची. हजेरी टॅबवर. प्रत्येक नावापुढे दोन बटणं. 'व' म्हणजे वर्गात, 'घ' म्हणजे घरून. शेवटी 'जमा करा' दाबायचं.

"सर, टॅब उलटा धरलाय!" मुलं ओरडायची. बहुतेक वेळा खरंच उलटा असायचा.

घरच्या चौघांत एक चिमणी. आवाज बारीक, म्हणून हे नाव. पाय मोडून प्लास्टरमध्ये होता. आई नर्स, सकाळच्या पाळीला. म्हणजे त्या वेळी पोर घरात एकटीच. खिडकीजवळचा तिचा बाक आम्ही रिकामा ठेवला होता.

त्या दिवशी हजेरीआधीच ती म्हणाली, "सर, माझ्या बाकावर कोण बसलंय?"

मी पाहिलं. बाक रिकामा.

"कुणी नाही गं."

"आहे, सर. मान खाली घालून बसलीय. माझाच निळा स्वेटर आहे तिच्या अंगात."

"अगं, आरसा बाजूला ठेव!" मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

मीही हसलो.

"सर... तिने वर बघितलं."

"पुरे आता," म्हणून मी हजेरी सुरू केली.

तिचं नाव घेतलं.

"हजर."

अगदी स्वच्छ आवाज. स्पीकरची नेहमीची खरखर नाही. मान वर न करताच मी 'व' दाबला. उरलेली नावं घेतली. 'जमा करा' दाबलं.

मग लक्षात आलं...

आवाज खिडकीकडून आला होता.

पडद्यावर चिमणी ताठ बसली होती. ओठ घट्ट मिटलेले.

आणि रिकाम्या बाकावरून तिचाच बारीक आवाज आला...

"सर, मी इथे कशी आले?"

सगळा वर्ग खिडकीकडे वळला.

"सर, माझ्या घरी कोण बसलंय?"

पडद्यावरची मुलगी हसली.

मी बाकापाशी गेलो. चाचपून पाहिलं. नुसतं लाकूड. थंडगार.

"तुमच्या हाताजवळच आहे मी. सर, तुम्ही 'व' दाबलंत का? 'घ' करा ना. लवकर करा ना, सर."

मी 'घ' दाबला. पुन्हा दाबला. टॅबवर तेच वाक्य. 'नोंद जमा झाली आहे.'

कार्यालयात धावलो. जिन्यात दोनदा धडपडलो.

"एकदा जमा झाली की दुरुस्ती उद्याच," कारकून म्हणाले. "अर्ज लिहून द्या."

"अहो, पोर अडकलीय!"

"कुठे?"

काय सांगणार? मी अर्ज लिहिला. शुद्ध, सुवाच्य, समासासकट. दुसरं काय येतं मला?

तिथूनच तिच्या आईला फोन लावला. ती ड्यूटी सोडून घरी पळाली. थोड्या वेळाने तिचाच फोन आला. "छान बसलीय हो खुर्चीत. का घाबरवलंत, सर? फक्त बोलत नाहीये. रुसली असेल."

वर्गात परतलो तर यंत्र दुरुस्त करणारे आले होते. "माइक बिघडलाय, सर. आवाज भलतीकडून येतो कधी कधी." त्यांनी सगळं बंद करून पुन्हा चालू केलं.

बाक गप्प होता.

"सर, ती तुम्हालाच हाका मारत होती," वर्गप्रमुख मुलगी रडत म्हणाली. "मग आवाज लांब लांब जात गेला..."

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती झाली. 'व'चा 'घ' झाला. बाकी काहीच बदललं नाही.

दीड महिन्याने प्लास्टर निघालं. आता ती रोज येते. खिडकीजवळ बसते. नाव घेतलं की हात वर करते. तोंडातून अवाक्षर नाही. डॉक्टर म्हणतात, घशात दोष नाही. मी फळ्याकडे वळलो की पाठीवर तिची नजर जाणवते. की तोही माझा भासच? मुलांना विचारलं, तर आता निम्मी म्हणतात, आवाज स्पीकरमधूनच आला होता.

परवा तिची आई फाटकापाशी उभी होती. डोळे सुजलेले.

"सर, तिचं शेवटचं बोलणं तुम्ही ऐकलंत. मला कुणी नीट सांगत नाही. काय म्हणाली हो ती?"

तिच्यामागे मुलगी उभी होती. माझ्याकडे बघत. ओठ मिटून.

"मला नीट ऐकू आलं नाही, बाई," मी म्हणालो.

माझ्या वयाकडे बघून तिने विश्वास ठेवला. आणि त्या मुलीचा हात धरून घरी गेली.