शून्य क्रमांकाचा खेळाडू

मंगळवार, रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. रस्त्याच्या टोकाचं दुमजली घर. खालच्या खोलीत माझा भाचेजावई लॅपटॉप घेऊन बसलेला. वर भाची झोपलेली, सातवा महिना लागलेला.

हसू नका रे पोरांनो. चाळीस वर्षं बातमीदारी केली, ऐकीव मजकूर कधी छापला नाही. हे दोघांना वेगवेगळं बसवून विचारलेलं आहे.

तो एका ऑनलाइन खेळाचा सर्व्हर सांभाळायचा. खेळाचा कोड सगळ्यांना खुला. पाच-सहा हौशी मंडळी फुकटात दुरुस्त्या करायची. खेळातल्या मोहिमा कोडमध्ये कशाही विखुरलेल्या. त्या उचलून डेटाबेसच्या तक्त्यांत नीट लावायच्या, एवढंच काम.

“फुकटच्या कामात एवढा जीव काढतोस,” भाची जेवताना म्हणाली होती, “आणि बाळाचा पाळणा अजून खोक्यात!”

“शेवटची मोहीम गं. ‘सोबत’. ती झाली की पाळणा.”

‘सोबत’मध्ये मागून येणाऱ्या वाटसरूला घरात पोचवायचं. टप्पे तीन: फाटक, जिना, दार. त्या कोडमध्ये एक ओळ होती. शून्य क्रमांकाच्या खेळाडूला ही मोहीम देऊ नये. आता खेळाडूंचे क्रमांक सुरू होतात एकपासून. शून्य कुणी नाहीच. मग ही अडगळ कशाला? दिली उडवून. कुणी लिहिली, का लिहिली, विचारायची तसदीसुद्धा नाही! आपल्याला कळत नाही ते निरुपयोगी, हा शहाणपणा मी जन्मभर पाहत आलोय.

चाचणीसाठी त्यानं लॅपटॉपवरच सर्व्हर चालू केला. इंटरनेट बंद. बाहेरचं कुणी आत येणं शक्यच नव्हतं.

तक्त्यात एक नोंद उमटली. मोहीम: सोबत. खेळाडू: शून्य. टप्पा: एक.

“च्यायला, हे कुठून आलं?” त्यानं ती खोडली. पुन्हा उमटली.

बाहेर फाटक वाजलं.

उठून पाहिलं. कडी निघालेली. रस्ता रिकामा. कडी लावून तो परत आला.

टप्पा: दोन.

जिना त्याच्या समोरच होता. जिन्यावर कुणी नव्हतं. पण पायरी करकरली. मग वरची. मग तिच्या वरची...

मग थांबली.

वरून भाचीचा झोपाळलेला आवाज आला. “दाराबाहेर काय उभा राहिलायस? आत ये ना...”

तो ओरडायला गेला. आवाज फुटेना. पाय उचलेना. बोटं तेवढी हलत होती. उडवलेली ओळ त्यानं परत आणली. सर्व्हर पुन्हा चालू केला.

शांतता...

मग तो धावला. वरचं दार बंद. आत भाची गाढ झोपेत. खाली नोंद तशीच, टप्पा दोनवर अडकलेली.

मी त्या सगळ्या हौशींना लिहिलं. ती ओळ कुणाची? सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. म्हणे, पहिल्यापासूनच होती. अरे, मग पहिला कोण?

“मग काय झालं, काका?”

काय होणार? महिन्याभरात त्यांनी घर सोडलं. गावच सोडलं. लॅपटॉप बंद करून खोक्यात ठेवला, वर चिकटपट्टी मी लावली. नव्या घरी ती काढलीही मीच. ओळ जागच्या जागी होती. नोंदही होती.

नव्या घरालाही फाटक आहे, जिना आहे.

आणि नोंदीत आता दोन नव्हता.

टप्पा: एक.