उजव्या बाजूची सावली

तेवीस किलो सामान. वर एक रुमालसुद्धा नको.

कंबरेपर्यंत वेणी, धुतली की वाळायला अर्धा दिवस.

फ्रिजच्या दारावर बाबांच्या अक्षरातली यादी. दहा कागद, नऊ टिकमार्क.

कधी न पाहिलेली एक खोली, क्रमांक चारशे बारा. त्यात पलंग, टेबल आणि पाच महिने.

तीन ओळींची एक पाटी. शेवटची ओळ : घाबरू नका.

सोमवारी सकाळी हे सगळं एकाच डोक्यात गरगरत होतं. घरचे तिला भिंगरी म्हणत ते काही उगाच नाही. परदेशातल्या विद्यापीठात एका सत्रासाठी जायला तिच्या कॉलेजला एकच जागा होती, आणि ती तिला मिळाली होती. मिळाल्या दिवसापासून तिची झोप उडाली होती. आता राहिला होता दहावा कागद, छातीचा एक्सरे. तो शुक्रवारपर्यंत पोचला नाही, तर जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या नावाला.

एक्सरेच्या खोलीच्या दारावरच्या त्या पाटीची तिनं फक्त शेवटची ओळ वाचली. घाबरू नका म्हणजे घाबरण्यासारखं काहीतरी असणारच, असं म्हणत ती आत शिरली, आणि आतल्या माणसानं ते ऐकलं.

एक्सरेवाला तरुण होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खिशाला पेन्सिल. गळ्यातली साखळी काढून ठेवा, हनुवटी इथं टेकवा, खांदे पुढे... तो सांगत होता, आणि भिंगरी बोलत होती. घाबरली की तिचं तोंड थांबत नसे. घरापासून एक आठवडाही लांब राहिले नाही, म्हणाली. चारशे बारा नंबरच्या खोलीची खिडकी कुठं उघडते तेही कुणी कळवलेलं नाही. आणि तिथं आपल्याला रडू आलं, तर ते कुणाला सांगायचं, कोणत्या भाषेत?

"श्वास घ्या," तो म्हणाला. "रोखा."

"परत घ्यायला सांगता ना? विसरत नाही ना?"

"आजवर तरी सगळे श्वास घेतच बाहेर गेलेत." मग जरा थांबून, "पण बोलत बोलत रोखणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

ती हसली. मग खरंच रोखला. खटका वाजला. घ्या आता, असं त्यानं सांगितलं ते अंमळ उशिराच... निदान तिला तरी तसं वाटलं.

मंगळवारी रिपोर्ट आला. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात सावली. पुढील तपासण्या आवश्यक.

बाबांनी तो तीनदा वाचला आणि यादीपाशी जाऊन नुसते उभे राहिले. आईनं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. तपासण्यांच्या निकालाला सहा आठवडे लागतात, हे ताईनं फोनवर विचारून घेतलं आणि तिला अगदी हळू आवाजात सांगितलं. एरवी ताई उठताबसता टोमणे मारणारी. दुपारी पाणी पिताना तिला साधा ठसका लागला, तर घरातल्या तिघांचे हात होते तिथं थांबले.

इतके दिवस ती मनातल्या मनात म्हणत होती, जाणं रद्द झालं तर बरं. आता ते होऊ घातलं होतं, आणि तिला चारशे बारा नंबरची खोली हवी होती. पलंगासकट, रडण्यासकट.

बुधवारी ती फिल्म घेऊन पुन्हा त्या दाराशी गेली. काय विचारायचं ते ठरलं नव्हतं. एक्सरेवाल्यानं तिचा चेहरा पाहिला, फिल्म हातातून घेतली आणि दिव्याच्या काचेवर लावली. बराच वेळ पाहत राहिला. आधी त्याचे खांदे सैल झाले. मग कान लाल झाले.

"सोमवारी वेणी कुठं होती?"

"माझ्याच डोक्याला होती."

"तसं नाही... पाठीवर? उजव्या बाजूला?"

तिनं मान हलवली. त्यानं फिल्मवरच्या सावलीवरून बोट फिरवलं. वरून खाली, एकाआड एक पेड. वेणी जाड असली की फिल्मवर अशी उतरते, म्हणाला. तुम्हाला काही झालेलं नाही. सांगायचं राहिलं ते माझ्याकडून.

ती स्टुलावर बसली. तो मात्र थेट रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेला. रिपोर्ट रद्द करायचा तर कारण लिहून द्यावं लागे, आणि कारण त्याच्याच नावावर जाणार होतं. पेशंट हलला म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण अर्धवट दारातून तिला ऐकू आलं, "चूक माझी आहे, मॅडम. केस वर घ्यायला सांगितलं नाही."

"तू?" बाईंचा आवाज. "माझ्या आईचा अंबाडा सैल होता म्हणून तिला बाहेर पाठवलं होतंस ना तू?"

मग बरंच काही ऐकू आलं. पुन्हा असं झालं तर दुसरी नोकरी बघ, हेही.

बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एक्सरे पुन्हा काढायचा सही केलेला कागद होता. केस बांधायला तिच्याकडे काही नव्हतं. त्यानं खिशातली पेन्सिल काढून दिली. तिनं वेणीचा गोळा केला, डोक्यावर घट्ट बसवला आणि पेन्सिल आरपार खोचली.

"श्वास घ्या. रोखा."

खटका. या वेळी ती एक शब्द बोलली नव्हती. खोली फारच शांत वाटली, दोघांनाही.

फिल्म स्वच्छ निघाली. बाई आत सही करत होत्या तेवढ्यात तिनं विचारलं, "विसरलात कसे?"

"तुम्ही बोलत होतात."

"सगळेच बोलत असतील."

"हो... पण मी ऐकत नसतो."

भिंगरीचा हात पेन्सिलीकडे गेला, आणि तिनं ती आणखी घट्ट खोचली.

शुक्रवारी बाबांनी दहावी टीक केली. आणि पुढच्या बुधवारी ती पेन्सिल परत द्यायला गेली. दिली मात्र नाही. डोक्यातच होती.

"पाच महिने आहेत," ती म्हणाली. "मला अजून भीती वाटते."

"मलाही वाटते," तो म्हणाला. "आता जास्तच."

मागे रांग लागली होती. पुढच्या आजोबांनी खोकून दाखवलं. ती दारापर्यंत गेली, वळली.

"मी तिथं श्वास रोखूनच बसणार. मध्येमध्ये घ्यायला तू सांगत जा."

'तू' म्हणाली होती, 'तुम्ही' नाही. त्यानं मान हलवली आणि आजोबांना साखळीऐवजी चष्मा काढायला सांगितला.

दारावरच्या त्या पाटीची दुसरी ओळ 'केस वर बांधून घ्यावेत' अशी होती, आणि ती पाटी तीन वर्षांपूर्वी त्यानंच लिहिली होती.