ब्याऐंशीची चाकं

धुक्यातून आधी आवाज आला — चर्रर्र... चर्रर्र... मग दोन मंद पिवळे दिवे दिसले, आणि एक बुटकी, लाल, दोघांपुरती गाडी निव्हेसच्या वर्कशॉपच्या दारात येऊन थांबली.

ग्वास्ताल्ला या नदीकाठच्या गावात नोव्हेंबरचं धुकं उतरलं की नदीचा बांध, पॉपलरची झाडं, चर्चचा मनोरा... सगळं पुसलं जातं. निव्हेसकडे मग दिवस दिवस कोणी फिरकत नसे. ज्याच्या हाताखाली ती हे काम शिकली, तो एर्मेतेमामा जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून ती धातू कातायच्या लेथवर एकटीच काम करायची आणि दुपारी एकटीच जेवायची. रेडिओ चालू ठेवायची तो गाण्यांसाठी नव्हे, कानावर माणसाचा आवाज पडावा म्हणून.

"माझ्या गाडीला आतून कुणीतरी कुरतडतंय," उतरलेला तरुण म्हणाला. "आणि नव्वदच्या पुढे गेलं की स्टेअरिंग थरथरतं."

निव्हेसनं वाकून चाकाच्या आत बॅटरी मारली. "गाडी कोणत्या सालची?"

"चौऱ्याहत्तर."

"आणि चाकं?"

"ब्याऐंशी." तो ओशाळून हसला. "जुन्यातलं एक तडकलं. भंगारवाला म्हणाला, गाडी तीच आहे, चारही भोकं जुळतात, डोळे झाकून बसवा."

"आणि तुम्ही खरंच डोळे झाकलेत!"

त्याचं नाव लेआर्को. शाळेत गणित शिकवायचा, बदलीवर. एक वर्ष या गावात, एक त्या. आता एक डिसेंबरला दूर त्रिएस्तेच्या शाळेत हजर व्हायचं होतं, आणि सगळा संसार या गाडीत मावत होता.

तिनं कॉफीचा कप बशीत ठेवून त्याच्यापुढे सरकवला. "हे बघा, गुरुजी. बशीच्या मध्ये खोलगट गोल असतो, त्यात कप बसतो. गोल मोठा झाला तर?"

"कप सरकेल."

"बरोबर. तुमच्या गाडीचा मधला उंचवटा म्हणजे कप, चाक म्हणजे बशी. ब्याऐंशीत त्यांनी गोल मोठा केला, म्हणून चाक नुसतं बोल्टांवर लटकतंय आणि थरथरतंय. शिवाय चाक आत ओढलेलं आहे, म्हणून घासतंय. मधे बसायला चार चकत्या कातून देते. आतला गोल तुमच्या गाडीच्या मापाचा, बाहेरचा नव्या चाकाच्या. लांब बोल्टही लागतील."

"माझ्या वर्गात याल का? माझी मुलं इतकं शांत बसून ऐकत नाहीत."

"तुम्ही तरी कुठे ऐकताय? मघापासून माझ्या नाकाकडे बघताय."

"नाकाला ग्रीस लागलंय..."

तिनं मनगटानं नाक पुसलं. ते आणखीच पसरलं. दोघंही हसली — आणि निव्हेसला आपल्याच हसण्याचा आवाज परका वाटला. गाडी तिथेच ठेवून तो बसनं परत गेला.

शनिवारी तो आला, भोपळ्याचं सारण भरलेले तोर्तेल्ली डब्यात घेऊन. तीन चकत्या नेमक्या बसल्या. चौथी बसेना, केसभर घट्ट होती. कातताना निव्हेसचं लक्ष उडालं होतं, का ते तिचं तिला ठाऊक. "बुधवारी या," ती म्हणाली.

बुधवारीही चकती घट्ट. पुढच्या शनिवारीही. या दोन्ही वेळा मात्र निव्हेसचं लक्ष मुळीच उडालेलं नव्हतं.

त्या शनिवारी ती दोघं बांधावर फिरायला गेली. धुकं इतकं दाट, की नदी नुसती ऐकू येत होती.

"दर वर्षी नवं गाव," तो म्हणाला. "मुलांची नावं पाठ होतात तोवर निघायची वेळ येते. तू... तुम्ही नेहमी इथेच?"

"तूच म्हण. हो, इथेच. मला सगळ्यांची नावं पाठ आहेत. भेटत मात्र कोणी नाही."

त्याची बाही तिच्या बाहीला घासली. ती सरकली नाही. तोही नाही.

परत आल्यावर त्यानं चारही चकत्या ओळीनं मांडल्या. "निव्हेस, तिघींवर तुझ्या नावाचा ठसा आहे. हिच्यावर का नाही?"

एर्मेतेमामाची शिस्त होती: स्वतःला पटलेल्या कामावरच ठसा मारायचा. तिला खोटं बोलता आलं होतं, पण ठसा मारायला हात उचलला गेला नव्हता.

"मुद्दाम घट्ट कातली," ती म्हणाली. "मागचीही."

"का?"

"शनिवारी कोणीतरी येणार आहे हे माहीत असलं... की आठवडा सरतो."

त्यानं चकती परत ओळीत ठेवली आणि हळूच म्हणाला, "कोणीतरी? म्हणजे... कोणीही चाललं असतं?"

उत्तर ओठांवर होतं, पण इतक्या दिवसांत कुणाला असं काही सांगायची सवयच राहिली नव्हती. तिनं लेथ सुरू केली. वीस मिनिटांत चकती तयार झाली. ठसा मारला. चाकं बसवली, समोरासमोरचे बोल्ट आलटून-पालटून आवळले.

"नव्या चकत्या आहेत, जरा दबतील," ती पान्याकडे बघत म्हणाली. "शंभर किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळायचे. वाटेत कुठलंही गॅरेज करून देईल."

"कुठलंही," तो म्हणाला आणि गाडी घेऊन गेला.

रविवारी सकाळी लाल गाडी तिच्या दारावरून गेली. घासण्याचा आवाज नाही, काही नाही. इतकी गुमान, की कधी दिसेनाशी झाली तेही कळलं नाही. निव्हेस दारात उभी राहिली. आपलं काम चोख झाल्याचं इतकं वाईट तिला कधी वाटलं नव्हतं.

बाराच्या सुमारास धुक्यात दोन पिवळे दिवे दिसले.

"शंभर झाले," लेआर्को काच खाली करत म्हणाला.

"अरे, त्रिएस्तेच्या वाटेवर शंभर व्हायला हवे होते!"

"पन्नास गेलो. पन्नास परत आलो. गणिताचा मास्तर आहे, बेरीज चुकत नाही."

ती पाना घेऊन बसली. पहिलं चाक... दुसरं... तिसरं. एकही बोल्ट तसूभर हलला नव्हता. सोळाव्या बोल्टापाशी तिचे हात थांबले.

"नसतं चाललं," ती चाकाकडे बघत म्हणाली.

"काय?"

"कोणीही. नसतं चाललं. तूच... तूच हवा होतास."

तो तिच्या शेजारी ओल्या जमिनीवरच उकिडवा बसला. तिचा काळवंडलेला हात त्यानं पान्यासकट हातात घेतला. उद्या शाळा होती, त्याला जावं लागणारच होतं. दोघांनाही ते माहीत होतं.

"मग आता पुन्हा कधी आवळायचे?"

"आता गरज नाही. पक्के बसलेत."

"म्हणजे यायला काही कारणच उरलं नाही?"

"नाही," निव्हेस म्हणाली. पण या वेळी ती तेवढ्यावर थांबली नाही. "नुसतं ये."