दर्याचा नारळ, आंब्याची वडी

"नारळाची नाडी बगतेस का काय, बाय?"

मी नारळ कानाशी धरून बोटाने टकटक वाजवत होते. मान वर केली... समोर उन्हाने रापलेला एक उंच पोरगा आणि त्याच्या पायाशी जिंकलेल्या नारळांचा ढीग. मोरव्याच्या कोळीवाड्यातला धर्मा. नाव त्याचे दोस्तच ओरडून सांगत होते.

एकोणसत्तर सालची गोष्ट. नारळी पौर्णिमा जवळ आली की भाईंदरच्या बाजारात नारळांच्या झुंजी लागायच्या. एकाने आपला नारळ तळहातावर घट्ट धरायचा, दुसऱ्याने त्यावर आपला हाणायचा. ज्याचा फुटेल त्याने तो जिंकणाऱ्याला द्यायचा. खेळ पोरांचा. पण आम्ही मूळचे रत्नागिरीचे, माडाखाली वाढलेले. नारळ ओळखायला मला कुणाची शिकवणी नको होती.

"नाडीच बघतेय," मी म्हटलं. "तुमच्या नारळाची मात्र बघायला नको. तो गेलाच."

"हां? मंग मार की!"

मारला. त्याचा फटकन फुटला. पाणी त्याच्या शर्टावर उडालं, थोडं माझ्या गालावर. पोरं ओरडली. धर्मा मात्र फुटक्या नारळाकडे नाही, माझ्याकडेच बघत राहिला... आणि मी गाल पुसायचं विसरले.

ढिगातले आणखी बरेच हरल्यावर त्याने माझी पिशवी उचलली आणि रेल्वेचं फाटक ओलांडून पूर्वेला, आमच्या चाळीपर्यंत आणून दिली.

"एवढ्यांचं करनार काय?"

"वड्या. सणाला तऱ्हेतऱ्हेच्या."

"आमच्याकडं सणाला नारळीभात. वडीत कसल्या आल्यात तऱ्हा?"

"उद्या संध्याकाळी बाजारात या. आधी खा, मग बोला."

झालं! तो रोज नारळ घेऊन यायचा, हरायचा, पिशवी पोचवायचा. मी रोज नवी वडी करायची आणि दुसऱ्या संध्याकाळी कागदात बांधून न्यायची. पहिली आल्याची. मग बाबांनी फोर्टातून आणलेल्या कोकोची. ती बघून आई म्हणाली, "आनंदे, नारळाला चिखल फासलास की गं!" धर्माने मात्र डोळे मिटून खाल्ली.

"काळी झ्याक हाय. पन आल्याची जास्त भांडते... तुज्यावानी."

"मग कुठली आवडली?"

"भांडनारी," तो म्हणाला आणि घाईघाईने पिशवी उचलून पुढे चालू लागला.

वडीचं मिश्रण कढईच्या कडा सोडून गोळा व्हायला लागलं की उतरवायचं. लवकर उतरवलं तर चिकट, उशीर झाला तर भुगा. माझा हात त्यात कधी चुकत नव्हता. पण त्या आठवड्यात गुलाबाच्या वडीचा भुगा झाला, कारण माझं लक्ष खिडकीबाहेरच्या पावसात होतं. पावसात कसलं... फाटकाकडच्या रस्त्यावर होतं. प्रेमात पडले होते मी. स्वतःशी कशाला लपवाछपवी?

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तो एकच नारळ घेऊन आला. छोटा, गडद, टणक. मी वाजवला आणि म्हटलं, "हा खरा नारळ! इतके दिवस कुठे होता?" तरी माझ्या नारळाने तोही फोडला. धर्माचा चेहरा उतरला, तरी पिशवी त्याने उचललीच. मी घरी गेले, तो नारळ खवला, गावाहून आलेला आटवलेला आंबा घातला आणि जन्मात केली नव्हती अशी वडी थापली. केशरी, मऊ, सुरी फिरवली की सरळ कापली जाणारी.

सकाळी दारात धर्मा. भिजलेला.

"आनंदी... कालचा नारळ आमच्या होडीचा होता."

"म्हणजे?"

"आज दर्याला द्यायचा. घरची बाईच तो निवडते. आईनं दारच्या माडाचा निवडून ठेवलेला. तो दिल्याबिगर होडी हलत न्हाय."

"मग तो झुंजीला आणलास कशाला?"

"घरातले सगळे सपले होते. पहिल्या दिशी हरलो ते खरंच हरलो. मंग मुद्दाम कच्चे आनत होतो... हरलो की पिशवी उचलाया मिळायची. हा मात्र फुटंल असं वाटलं न्हवतं."

मला राग आला. माझे निम्मे विजय खोटे होते तर! आणि त्याच वेळी इतका आनंद झाला, की राग धड धरता येईना.

"आई तुज्यावर नाराज झाली," तो हळूच म्हणाला, "तर आपलं..."

"आपलं काय?"

तो पायाच्या अंगठ्याने ओटा उकरू लागला.

"बोलू नकोस," मी म्हटलं. "आधी तुझ्या आईला भेटू."

खाडीवर होड्या पताकांनी सजल्या होत्या, ढोल वाजत होते. गोदूबाई, धर्माची आई, हिरवं लुगडं नेसून रिकामी टोपली हातात घेऊन उभ्या होत्या. ह्या बाईने पाठ फिरवली तर धर्माची वाट बघायलाही मला उद्यापासून तोंड नव्हतं.

"मावशी, तुमचा नारळ मी फोडला," मी सरळ सांगितलं आणि डबा उघडला. "हा बघा."

"ह्यो?" त्यांचे डोळे मोठे झाले. "माज्या दर्याच्या नारळाची वडी केलीस?"

"केली. ठाऊक नव्हतं. पण तुमचा नारळ माझ्या ज्या नारळाने फुटला, तोही आणलाय. ह्याला अजून साधी चीरही नाही."

गोदूबाईंनी माझा नारळ घेतला. कानाशी धरला, बोटाने टकटक वाजवला... थेट माझ्यासारखा. बराच वेळ वाजवला. मग डब्यातल्या वड्या ओंजळीने उचलून पाण्यात सोडल्या. "दर्याचा होता, दर्याला गेला," म्हणत माझा नारळ त्यांनी टोपलीत ठेवला. डब्याच्या तळाशी एकच वडी राहिली होती. ती त्यांनी तोंडात टाकली.

"आंबा?"

"रत्नागिरीचा."

त्या चघळत राहिल्या.

"धर्मा," त्या तोंड पुसत म्हणाल्या, "पुढल्या साली होडीचा नारळ ही निवडंल. माजे कान आता म्हातारे झाले."

आणि त्या ढोलांच्या दिशेने निघून गेल्या. होडीचा नारळ घरची बाईच निवडते, हे मला सकाळीच कळलं होतं. धर्माला तर जन्मापासून ठाऊक होतं. त्याचे कान लाल झाले होते.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"ऐकलं... तुला चालंल?"

"चालेल काय? मला तूच पाहिजेस, धर्मा. बाबांना भेटायला कधी येतोस?"

"उद्याच येतो! येताना काय आनू?"

"नारळ," मी म्हटलं. "आणि ह्या वेळी कच्चा आणू नकोस."