लाल करदोडा

पहिल्याच भेटीत त्यानं रुद्राणीच्या कांद्याचं पाणी पिऊन टाकलं!

लातूरला जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि कॉलेजच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी. प्रयोगशाळेच्या खिडकीत तिनं ग्लासवर कांदा बसवला होता. त्याच्या मुळांच्या टोकातल्या पेशी दुभंगताना परीक्षेत दाखवायच्या होत्या. तेवढ्यात हे महाशय आले आणि ग्लास रिकामा.

"लई तहान लागली होती…"

"आता माझ्या कांद्याला पाणी कोण देणार?"

"मी हाय की!"

तो निलंग्याचा सिद्धेश्वर, तिच्याच वर्गातला. रोज एसटीनं येताना फिरकीच्या तांब्यात घरच्या विहिरीचं पाणी आणू लागला. मुळं भराभर वाढली — जरा जास्तच भराभर. रुद्राणीचा जीवही त्याच्यावर जडला. एकच गोष्ट तिला खटकायची. नावानं हाक मारली की तो आधी मागं वळून बघायचा… मागं कुणी नसायचं.

एका दुपारी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ती त्याला समजावत होती. "इथं दिसत नाही, पण पेशी दुभंगायच्या आधी डीएनएची शिडी मधोमध उकलते. प्रत्येक अर्धी आपल्यासमोर नवी अर्धी रचते. एकीच्या दोन शिड्या, हुबेहूब."

"त्यातली खरी कंची?" त्यानं विचारलं.

"असं का विचारतोस?"

"आमी जुळे होतो. वळखू यावं म्हणून मायनं करदोडे बांधले. सिद्धेश्वरला काळा, वीरभद्राला लाल. बहात्तरच्या दुष्काळात आमी गमतीनं ते बदलले… आन् त्याच दिवशी पाणी भराया तो घरच्याच हिरीत उतरला. वर आला न्हाई. लाल करदोडा बघून माय वीरभद्रासाठी रडली. मला पोटाशी धरून म्हणली, माझा सिद्धू वाचला! माझं तोंडच उघडलं न्हाई… रुद्राणी, वीरभद्र मी हाय. उद्या आमचे लोक तुला मागणी घालाया येणार. तू कुणाला हो म्हणशील?"

नाव कुठलंही असो, तिला तोच हवा होता.

"खरी-खोटी असं नसतंच," ती म्हणाली. "दोन्हीत अर्धं जुनं, अर्धं नवं. मायला आपण दोघं मिळून सांगू." तिनं त्याचा हात धरला. "वीरभद्र!"

"ओ…" तो म्हणाला. या वेळी मागं वळला नाही.

मग तिनं खिडकीतल्या ग्लासातल्या विहिरीच्या पाण्याकडे बघून हलकेच हाक मारली, "सिद्धेश्वर?"

वारा नव्हता. पाणी थरथरलं.

"ओ," — बारीक, पोरवयाचा आवाज.

धरलेला हात काही रुद्राणीनं सोडला नाही.

"उद्या मागणीला तुम्हीही या, भावजी."