कापसाचा खोकला

हे लिहायचं जवळजवळ सोडूनच दिलं होतं... घरातलं दुखणं चव्हाट्यावर कशाला मांडायचं, असं वाटायचं. पण बिभीषण काही मनातून जाईना.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. धर्मापुरीत साखराबाईनं सासऱ्याचं ताट गोठ्याच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि काठीनं आत सरकवलं. नातू "आज्जा" म्हणत धावला, तसं तिनं त्याला दंडाला धरून मागं ओढलं.

"जाऊ न्हाई बाळा. आज्ज्याला क्षय हाय."

आत बिभीषणनं ताट जवळ ओढलं. बायको गेल्यावर, लेकराला सावत्र आई नको म्हणून त्यानं दुसरं लग्न केलं न्हाई, उभी हयात जिनिंगात कापसाची सरकी काढत घालवली अन् आप्पारावला वाढवलं... आणि त्याच आप्पारावनं आज बापाची बाज म्हशीशेजारी टाकली होती! भिंतीपलीकडं लेकरं हसायची, आणि हा तोंडात पंचा कोंबून खोकला दाबायचा. आवाज गेला तर तेवढं हसूही थांबायचं.

यायचा तो एकटा कय्युम. जिनिंगातला जुना जोडीदार, त्यालाही तोच खोकला. सुनेनं, शहजादीनं, त्याला अंगणातल्या छपरीत काढलं होतं.

"तुझ्याजवळ म्हैस तरी हाय बे," कय्युम म्हणायचा. "माझी कोंबडीपण लांब बसती."

त्या साली सरकारनं हैदराबादहून जलालुद्दीन डॉक्टरला पाठवलं. जिनिंगातली माणसं कशानं खोकतात, त्याचा तपास करायला. शेठ म्हणायचा, मजूर घरूनच क्षय आणतात, औषधाचा खर्च मी कावून करू? डॉक्टरला संशय कापसाच्या धुळीचा. पण बोलणार कोण? खोकणाऱ्याला मुकादम काढून टाकायचा. म्हणून सगळे गालात गुळाचा खडा धरून, घसा ओला ठेवून उभे. जिनिंगातच लागलेला आप्पारावसुद्धा.

पण भिंतीला कान लावून पडलेल्या बिभीषणला कळलं होतं. आठवडी बाजाराची सुट्टी संपून आप्पाराव कामावर गेला, की त्याच संध्याकाळी त्याची छाती वाजायची. बिभीषणचंही असंच सुरू झालं होतं... क्षयाला बाजाराचा वार कळतो व्हय?

काठी टेकत तो डॉक्टरकडं गेला आणि सगळं सांगितलं.

"शेठला डोळ्यांनी दाखवावं लागेल, चाचा," डॉक्टर म्हणाला. "कुणीतरी धुळीत बसायला पाहिजे. पण तुम्ही नको. तुम्हाला सोसायचं न्हाई."

"पोरानं सोसण्यापरीस मीच सोसतो की."

सकाळी डॉक्टरनं शेठसमोर बिभीषणची छाती ऐकली. बरीच मोकळी होती. मग तो यंत्रापाशी जाऊन बसला. पांढरा धुरळा उडत राहिला. दुपार कलता कलता त्याचे ओठ निळे पडले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला, तरी तो उठेना. आप्पाराव हातातलं टाकून धावला.

"दादा, उठा की... कुणी सांगितलं तुमाला हे?"

"तुझ्या खोकल्यानं."

आप्पारावनं बापाला मिठी मारली, आणि दाबून ठेवलेला खोकला त्याच्याही तोंडून फुटला, सगळ्यांदेखत.

"क्षय असा सकाळ-दुपार येत-जात न्हाई," डॉक्टर शेठला म्हणाला. "हा कापसाचा खोकला. कुणाचा कुणाला लागत न्हाई." पुढं सरकारी हुकमानं जिनिंगाच्या खर्चानं दवाखाना निघाला, खोकणाऱ्याला काढायचंही बंद झालं.

आप्पारावनं बापाला उचलून घरात आणलं. साखराबाई पायावर कोसळली.

"मामंजी, काठीनं ताट सरकवलं मी..."

"ऊठ पोरी. तू लेकरासाठी केलंस, मीबी त्येच केलं."

नातू मांडीवर आला. पण गेलेला दम काही परत आला न्हाई. बिभीषणला आता आडवंही होता येईना.

एका दुपारी कय्युम दारात येऊन उभा राहिला. आत येईना.

"तुझं झालं बे चांगलं," तो म्हणाला. "माझी शहजादी डॉक्टरचंपण ऐकत न्हाई. म्हणती, जो म्हणतो लागत न्हाई, त्यानं खाऊन दाखवावं तुमच्या ताटात."

"मग मी खातो."

"येडा झालास का? मुसलमानाच्या ताटात जेवलास हे तुझ्या भावकीला कळलं तर परत गोठ्यात टाकतील तुला."

बिभीषणनं आत पाहिलं. साखराबाई भाकरी थापत होती, नातू पिठात बोटं घालत होता...

"जुम्म्याला येतो," तो कय्युमला म्हणाला. "शब्द हाय माझा. शहजादीला एवढंच सांग, तिखट बेतानं घाल. तिच्यासमोर ठसका लागायला नको."